सीमाभागात जनावरांचा दवाखाना चालवताना: जागा, फी, उधारी आणि स्पर्धा

पहाटे साडेतीनला फोन वाजतो. "डॉक्टर, म्हस बसलीया. उठंनाच झालीया. काल संध्याकाळी व्यालीया." जाऊन बघावं तर म्हैस मान कुशीकडे वळवून बसलेली, कान थंड, नाकपुडी कोरडी, डोळे जड. दुधाचा ताप, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरणं. कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली कोमट पाण्यात धरायची, मानेच्या शिरेत सुई घालायची आणि हळूहळू सोडत दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप छातीवर ठेवायचा. ठोके अडखळले की धार बारीक करायची, कारण घाईत सोडलेलं कॅल्शियम काळीजच बंद पाडतं. अर्धी बाटली गेली की जनावराच्या अंगावर शहारा येतो, ढेकर येतो, शेण पडतं. थोड्या वेळानं म्हैस उभी. घरातली माणसं हात जोडतात. मग मालक रिकामी बाटली बॅटरीच्या उजेडात धरतो, तिच्यावरची छापील किंमत वाचतो आणि विचारतो, "बाटली तर एवढ्याचीच हाय की. तुम्ही एवढे कसे सांगता?"

त्या माणसाचं चुकत नाही. आपण बाटली विकतो असं आपणच त्याला वर्षानुवर्षं दाखवलंय. फी आणि औषध एकाच आकड्यात सांगितलं की त्याच्या लेखी आपण म्हणजे पिशवीत औषधं घेऊन फिरणारा माणूस, आणि तसा माणूस गावात आपल्यापेक्षा स्वस्तात मिळतो. अठरा वर्षं खानापूर आणि बेळगावच्या मधल्या पट्ट्यात प्रॅक्टिस केल्यावर मी एका गोष्टीवर ठाम आहे. इथं टिकायचं तर कमाई तपासणीवर उभी करावी लागते, सुईवर नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात नव्यानं दवाखाना टाकणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पायरी १: कागद आधी, पाटी नंतर

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. त्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच प्रॅक्टिस करता येते आणि दाखल्यावर सही करता येते. आपल्याकडे बरीच मुलं शिरवळला किंवा परळला शिकतात, नोंदणी महाराष्ट्रात करतात आणि दवाखाना मात्र कर्नाटकात टाकतात. नोंदणी कर्नाटक पशुवैद्यकीय परिषदेकडे वर्ग करून घ्या. विम्याचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, जनावरं वाहून नेण्यासाठीचं आरोग्य प्रमाणपत्र, सगळ्यावर तोच नंबर जातो. गाईगुरांच्या वाहतुकीला पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि सीमेवर गाडी अडली की पहिली विचारणा सही कोणाची याचीच होते. जनावर डोळ्यांनी न बघता दाखला कधीही देऊ नका, मग मागणारा कितीही जवळचा असो.

दुसरा कागद जैववैद्यकीय कचऱ्याचा. २०१६ चे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यायची आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार करायचा. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, व्याल्यावर पडणारी वार किंवा कापून काढलेली गाठ पिवळ्या पिशवीत. गोठ्यात वापरलेली सुई तिथंच शेणात टाकून येण्याची सवय आपल्या पेशात फार आहे. ती पहिल्या दिवसापासून मोडा.

पाटीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भावना तापतात आणि काम बाजूला राहतं. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात व्यावसायिक पाटीची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. ती द्या आणि उरलेल्या जागेत मराठी ठळक लिहा. कन्नड शिकाच. हुक्केरी, गोकाकच्या बाजूचा शेतकरी 'आकळू', 'एम्मे', 'केच्चलु बावु' म्हणतो तेव्हा त्याला गाय, म्हैस आणि दगडी (कासेची सूज) म्हणायचंय, हे दुभाष्याशिवाय कळलं पाहिजे. तालुक्याच्या कचेरीतला अर्जही कन्नडमध्येच भरायचा असतो.

बिलाचं एक ध्यानात ठेवा. जनावरांच्या उपचाराच्या सेवेवर जीएसटी नाही, औषधविक्रीवर आहे. स्वतःच्या रुग्णाला उपचारात औषध देणं वेगळं आणि काउंटर उघडून कुणालाही विकणं वेगळं. दुसऱ्यासाठी औषध परवाना आणि फार्मासिस्ट लागतो. फी आणि औषध बिलात वेगळं दाखवायचं आणखी एक कारण हे.

पायरी २: जागा भाड्यावर ठरवू नका

हा सगळा भाग नकाशावर एक दिसतो, पण जनावरांच्या दृष्टीनं त्याचे तीन-चार वेगळे मुलूख आहेत. खानापूरकडे पाऊस जोरदार, भातशेती, रानात चरणारी गावठी गुरं. तिथं गोचीड, यकृतातले कृमी, खुरांची सड आणि भीमगडच्या जंगलालगत बिबट्यानं फाडलेली वासरं. केसेस भरपूर, पण एका जनावराची किंमत कमी, त्यामुळे मालक खर्चाला हात आखडता घेतो. चिकोडी, निपाणी, रायबागकडे ऊस, म्हशी आणि संकरित गाई. तिथं दुधाचं गणित चालतं, मालक हिशेब समजतो आणि खर्चही करतो. अथणीच्या कोरड्या पट्ट्यात मेंढरं आणि खिलार. बेळगाव शहरात टिळकवाडी, कॅम्प, शहापूर, वडगाव म्हणजे कुत्री-मांजरं.

जागा ठरवण्याआधी एक महिना मोटारसायकलवर फिरा. सकाळी सहाला गावच्या दूध डेअरीत जाऊन उभे राहा. किती लोक किती लिटर घालतात, म्हशीचं किती, गाईचं किती हे एका वहीत लिहा. सेक्रेटरीला विचारा, मागच्या महिन्यात किती जणांचं दूध बंद झालं आणि का. चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, "रात्री जनावर अडलं तर कुणाला बोलावता?" दहा गावांत एकाच माणसाचं नाव येत असेल तर तिथं जागा आहे, कारण एक माणूस दहा गावांना रात्री पुरत नाही. १५ किलोमीटरच्या पलीकडच्या गावांना वेगळा दर ठेवा. नाहीतर पेट्रोल तुम्हाला खाईल.

पायरी ३: स्पर्धा कोणाशी आणि कोणाशी नाही

सरकारी दवाखान्यात उपचार जवळजवळ फुकट. १९६२ वर फोन केला की फिरता दवाखाना दारात येतो. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी, कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) लस आणि कानातला १२ अंकी बिल्ला, हे राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे. 'नंदिनी'ला दूध घालणाऱ्या सभासदाला जिल्हा दूध संघाची सेवा मिळते, आणि सीमेपलीकडे कोल्हापुरात 'गोकुळ', 'वारणा' त्यांच्या सभासदांना देतात. या कुणाशीही दरात भांडायचं नाही. उलट, फुकट मिळणारी लस फुकटच घ्या असं शेतकऱ्याला स्वतःहून सांगा, तारखाही सांगा. मी दरवेळी दवाखान्याच्या फळ्यावर लसीकरणाची तारीख लिहितो. पहिल्यांदा शेजारच्या डॉक्टरांनी विचारलं, स्वतःचं नुकसान का करतोस? लस टोचून मिळणारे चार पैसे मला नकोच होते. ज्यानं फुकट लसीचं खरं सांगितलं त्याचं ऑपरेशनच्या वेळचंही लोक खरं मानतात, हे मी बघितलंय.

सरकारी डॉक्टरांकडे वेळ नसतो. त्यांच्याकडे कित्येक गावं, लसीकरणाची उद्दिष्टं, अहवाल. तुम्ही विकायचा तो वेळ. रात्र, रविवार, दुसऱ्या दिवशी परत येऊन बघणं, फोन उचलणं.

खरी डोकेदुखी पदवी नसताना अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड टोचत फिरणाऱ्यांची. कायद्यानं प्रशिक्षित सहायकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लस, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारखी प्राथमिक कामं करता येतात. त्यापलीकडे नाही. तरी तो गावातलाच असतो, अर्ध्या तासात येतो, शंभर-दोनशेत भागवतो. त्याच्यावर गोठ्यात तोंडसुख घेऊ नका. बिघडलेली केस तुमच्याकडे आली की आधी काय टोचलं ते विचारून केसपेपरवर लिहा, तापमान लिहा, मग उपचार सुरू करा. स्टेरॉइडनं ताप उतरलेल्या गोचीडतापाच्या गाईचं रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मालकाला दाखवा. तांबड्या पेशीतले जंतू त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले की पुढच्या वेळी तो आधी तुमच्याकडे येतो. साधा सूक्ष्मदर्शक आणि रंग ही माझी सगळ्यांत कामाला आलेली गुंतवणूक.

कृत्रिम रेतन करणाऱ्या कार्यकर्त्यांशी मात्र दोस्ती ठेवा. गाय तीनदा भरवूनही गाभण राहिली नाही हे त्यांना पहिल्यांदा कळतं. त्यांनी केस पाठवली तर तपासणीचा निष्कर्ष त्यांना फोनवर सांगा, मान द्या. कमिशन देऊ नका. ते शेवटी शेतकऱ्याच्या खिशातूनच जातं.

पायरी ४: फीचा आकडा कुठून काढायचा

बहुतेक जण शेजारचा डॉक्टर काय घेतो ते बघून पन्नास रुपये कमी लावतात. तो तोट्यात असेल तर तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त तोट्यात. आकडा स्वतःच्या खर्चातून काढा. उदाहरणासाठी समजा, महिन्याला गाळ्याचं भाडं ६,०००, मदतनीस १२,०००, वीज-फोन २,०००, कर्जाचा हप्ता ९,०००, उपकरणांची झीज ३,०००, कचरा आणि किरकोळ २,०००. झाले ३४,०००. घरखर्चाला ४५,००० धरा. एकूण ७९,०००. महिन्यात २५ दिवस, दिवसाला सहा व्हिजिट, म्हणजे १५० व्हिजिट. भागाकार केला की एका व्हिजिटमागे साधारण ५२७ रुपये. जाऊन-येऊन सरासरी १८ किलोमीटर, गाडीचं ४५ चं अॅव्हरेज आणि पेट्रोल १०५ धरलं तर ४२ रुपये, त्यात टायर, ऑइल, सर्व्हिसिंग मिळवून ७०. म्हणजे औषधाचा एक पैसाही न धरता एक व्हिजिट तुम्हाला जवळपास ६०० ला पडते.

आता पाचातल्या एकानं पैसे बुडवले असं धरा. फिरणं १५० व्हिजिटचंच, पण पैसे १२० चे. तोच आकडा ७५० च्या आसपास जातो. हे दीडशे रुपये कोण भरतं? वेळेवर देणारा प्रामाणिक शेतकरी. हा हिशेब डोक्यात बसला तेव्हापासून मला उधारी मागायला संकोच वाटत नाही.

आकडा निघाला की दरफलक करा आणि भिंतीवर लावा. दवाखान्यातली तपासणी, दिवसाची व्हिजिट, रात्री नऊनंतरची व्हिजिट, अडलेलं वासरू काढणं, अडकलेली वार काढणं, बाहेर आलेलं मायांग बसवणं, पोट फाडून वासरू काढण्याचं ऑपरेशन. औषध वेगळं, छापील किमतीच्या वर नाही. फोनवरच फी सांगा. "तात्या, रात्रीची फी एवढी आहे, औषध वेगळं, येऊ का?" एवढं विचारायला पहिले सहा महिने जीभ रेटत नाही. पण गोठ्यात म्हैस उभी राहिल्यावर होणारी घासाघीस या एका वाक्यानं थांबते. गरिबाला सूट द्यायचीच असते, ती फीत द्या आणि तोंडानं सांगा, "फी घेत नाही, औषधाचे द्या." गुपचूप आकडा कमी केला की पुढच्या वेळी तोच दर होऊन बसतो.

पायरी ५: उधारी आणि इथलं कॅलेंडर

उधारी नाहीच, असं इथं चालणार नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा दोन वाटांनी येतो, दुधाचं बिल आणि उसाचं बिल. पहिल्या वर्षी मी "सावकाश द्या" म्हणायचो. मार्चअखेर वही उघडली तर दहा गावांत पैसे पडलेले, आणि निम्म्या लोकांना कुठल्या गाईचे तेही आठवेना. औषधाच्या होलसेलवाल्याला द्यायला बायकोच्या बचतगटातून पैसे उचलले.

त्यानंतर पद्धत बदलली. औषधाचे पैसे जागेवर रोख किंवा यूपीआयनं. उधार राहिलीच तर फक्त फी, तीही पुढच्या दूधबिलापर्यंत. त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर मराठीत किंवा कन्नडमध्ये मेसेज जातो: जनावराच्या बिल्ल्याचा नंबर, आजार, दिलेलं औषध, बाकी रक्कम, बिलाची तारीख. बिल सुटलं की दुसऱ्या दिवशी मदतनीस फोन करतो, मी नाही. डॉक्टरनं पैशासाठी फोन केला की पुढच्या आजारात माणूस तोंड चुकवतो आणि त्यात जनावर मरतं. मोठ्या ऑपरेशनची रक्कम जास्त असेल तर दोन हप्ते, दुसरा ऊसबिलाला. कायद्यानं कारखान्यानं ऊस घेतल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण तेवढ्या भरवशावर स्वतःचा हप्ता ठेवू नका.

हंगाम ओळखून पैसा आणि औषधं मांडा. गळीत सुरू झालं की बीडकडच्या तोडणी कामगारांच्या बैलगाड्या येतात. बैलांचे खांदे सुजलेले, खुरं फाटलेली. त्यांच्याकडून फी कमीच घ्या. ती माणसं उघड्यावर राहतात आणि बैल हीच त्यांची सगळी पुंजी. याच काळात गाई-म्हशींना महिनोन्महिने उसाचं वाढं पडतं. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण दिल्याशिवाय वाढं खाऊ घालू नका असं प्रत्येक गोठ्यात सांगत राहावं लागतं. पावसाळ्यात खानापूरकडे रस्ते बंद होतात. ते दोन महिने उत्पन्न घटतं, तेवढ्या भाड्या-हप्त्याचे पैसे मे महिन्यात बाजूला काढा.

पायरी ६: औषधांचं कपाट आणि फ्रीज

एका जुलैत दोन रात्री वीज गेली, मी लग्नाला गावी होतो. परत आलो तेव्हा वीज आलेली, फ्रीज थंडगार, आतल्या कुत्र्यांच्या लसी नेहमीसारख्या दिसत होत्या. आतल्या थर्मामीटरनं मात्र कमाल २१ अंश दाखवले. सगळा साठा फेकला. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे, आणि रेबीजसारखी मारलेल्या विषाणूची लस गोठली तरीही वाया जाते, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर घ्या आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज परवडत असेल तर कर्जातून पहिला तोच घ्या. मुद्रा कर्जाची मर्यादा पूर्वी १० लाख होती. २०२४ पासून आधीचं कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत मिळतं.

वेदनाशामकात मेलॉक्सिकॅम ठेवा. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ मध्ये, आणि किटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये बंद झालं. गवळी दूध सोडवायला ऑक्सिटोसिन मागतात. कितीही नेहमीचा गिऱ्हाईक असला तरी देऊ नका. अँटिबायोटिक दिलं की दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते चिठ्ठीवर लिहून द्या. एखाद्या घराच्या दुधात औषध निघालं की सगळ्या कॅनचं दूध परत येतं, आणि सगळं गाव डॉक्टरचं नाव घेतं.

पायरी ७: आजारावर नाही, गोठ्यावर करार

दहापेक्षा जास्त दुभती असलेल्या गोठ्यांशी महिन्याचा करार करा. माझ्या उत्पन्नातला सगळ्यांत खात्रीचा भाग हाच. ठरलेल्या दिवशी जायचं, ६० ते ९० दिवसांपूर्वी भरवलेल्यांची गाभण तपासणी, प्रत्येक सडाची लपलेल्या दगडीची चाचणी, जंतनाशकाचं वेळापत्रक, खुराकाचा हिशेब. मालकाला पटवताना रोगांची नावं घेऊ नका. एक माज हुकला की पुढचा २१ दिवसांनी, तेवढे दिवस जनावर फुकट पेंड खातं. दिवसाच्या पेंडीचा खर्च तो स्वतःच सांगेल, गुणाकार तुम्ही करा.

पायरी ८: शहरातली कुत्री-मांजरं

बेळगावात आता घराघरात कुत्री आहेत, लष्करी वसाहतींतली कुटुंबं बदलीवर येतात-जातात आणि लसीचं कार्ड नीट मागतात. इथं स्पर्धा स्वच्छतेची, वेळेची आणि ऑनलाइन औषधांची. गोचिडाची गोळी नेटवर स्वस्त मिळत असेल तर चिठ्ठी लिहून द्या आणि तपासणीची फी घ्या. पार्व्होचं (संसर्गजन्य जुलाबाचं) पिल्लू लस घ्यायला आलेल्या पिल्लांजवळ बसू देऊ नका, त्याला वेगळं दार किंवा निदान वेगळी वेळ हवी. भूल देण्याआधी संमतीपत्रावर सही घ्या, धोका मराठीत समजावून. सोनोग्राफी मशीन घेण्याआधी जिल्हा आरोग्य कार्यालयात लेखी विचारा, कारण गर्भलिंगनिदान कायद्यामुळे या मशीनच्या विक्रीवर नजर असते.

पायरी ९: स्वतःचा जीव आणि रात्रीची पाळी

प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एका म्हशीला लाळ गळत होती, मालक म्हणाला घशात कणीस अडकलंय. उघड्या हातानं घशात कोपरापर्यंत हात घातला. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती खांबाला धडका देऊ लागली. रेबीज. मला पूर्ण कोर्स घ्यावा लागला, आणि ते दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. धंदा सुरू करण्याआधी स्वतःला आणि मदतनीसाला रेबीजची आगाऊ लस टोचून घ्या. लाळ गळणारं जनावर हातमोज्याशिवाय तपासू नका. वार काढताना खांद्यापर्यंतचे मोजे घाला, नाहीतर ब्रुसेलाचा ताप आणि सांधेदुखी वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

रात्री एकट्यानं रोज उठणारा माणूस पाच-सहा वर्षांत मोडतो. आम्ही तीन डॉक्टरांनी, जे आधी एकमेकांचे दर पाडत होतो, रात्री वाटून घेतल्या. सोमवार-मंगळवार एक, बुधवार-गुरुवार दुसरा, शुक्रवार-शनिवार तिसरा, रविवार आळीपाळीनं. रात्रीचा दर तिघांचा एकच. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाकडे गेलात तर केसपेपरचा फोटो सकाळी सातच्या आत त्याला पाठवायचा आणि पुढचा उपचार त्यालाच करू द्यायचा. हा नियम पहिल्या वर्षी दोनदा मोडला गेला, दोन्ही वेळा चहाला बसून बोललो. या आठवड्यात माझ्या रात्री बुधवार-गुरुवार आहेत. आज मंगळवार, फोन मदतनिसाकडे आहे.